तृतीयपंथी समाज : विनय, मनुस्मृती आणि संविधान

पवनी तालुक्यातील आसगाव हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले चौरास भागातील गाव होय. गेल्या वर्षावासात तेथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनास उपस्थित राहण्याचा योग आम्हांस आला. वाचन आटोपून मंडळी उठू लागली असता एक वयस्क उपासिका मागे थांबल्या आणि त्यांनी आपल्या बहिणीच्या अपत्याची हकीकत सांगितली. मुलगा म्हणून जन्मलेले हे अपत्य पुढे स्त्रीवेश धारण करून नागपूरला एका गुरूकडे राहावयास गेले. आईच्या पुण्यानुमोदनासाठी ते आपल्या गावी आले (हे गाव आसगाव नव्हे); त्रिशरण-पंचशील झाले, लोक भोजनास ओळीने बसले, परंतु तिला पुरुषांनी आपल्या ओळीत जागा दिली नाही आणि स्त्रियांनीही दिली नाही. काही वेळ ती मांडवाच्या खांबाशी उभी राहिली व न जेवताच निघून गेली. "भाऊ, तुम्ही ग्रंथ वाचता म्हणून विचारते," त्या म्हणाल्या, "अशा माणसाबद्दल आपल्या धम्मात काय सांगितलं आहे? आणि सरकारचा कायदा काय म्हणतो?"

आम्ही तेथल्या तेथे काही उत्तर दिले. परंतु ते अपुरे होते याची जाणीव परतीच्या वाटेवरच झाली. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे अधिक विचारपूर्वक दिलेले उत्तर समजावे.

प्रथम शब्दांविषयी. हिजडा, खोजा, जोगता, तृतीयपंथी, पारलिंगी हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांचे अर्थ निराळे आहेत. हिजडा ही गुरु-चेला परंपरेने बांधलेली एक जमात आहे. जोगता हा यल्लमा देवीस वाहिलेला पुरुष. ही प्रथा कोल्हापूर-सोलापूरकडे आणि कर्नाटकाच्या सीमेवर आढळते. काही व्यक्ती जन्मतःच संमिश्र लक्षणांच्या असतात. आणि जन्माच्या वेळी जे लिंग नोंदले गेले त्याहून निराळे आपले लिंग आहे असे ज्यांना अंतर्यामी जाणवते, त्या पारलिंगी व्यक्ती कोणत्याही जमातीत नसूही शकतात. मध्य प्रांतातील जाती-जमातींवर रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'हिजडा, खसुआ' अशी स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे भंडारा ज्या प्रांतात मोडत होता तेथील राज्यकर्त्यांनाही हे लोक माहीत होते, ते एक 'जात' म्हणून.

या विषयावरील लेखांचा आरंभ बहुधा शिखंडी, बृहन्नला आणि अर्धनारीनटेश्वर यांच्यापासून होतो. भारतीय समाजात या लोकांना पूर्वी मानाचे स्थान होते, इंग्रजांनी ते हिरावले, असा त्याचा आशय असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालपत्रातही ही पौराणिक उजळणी आली आहे. आमच्या मते ही मांडणी फार तर अर्धी खरी आहे. पुराणातील पूजेवरून व्यवहारातील हक्कांचा अंदाज बांधावयाचा झाल्यास, ज्या देशात सरस्वतीची पूजा होते त्या देशात स्त्रियांना विद्येचा अधिकार होता असेही म्हणावे लागेल! हक्क पाहावयाचे तर धर्मशास्त्राकडे वळावे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसा हक्क नाकारावयाच्या व्यक्तींची यादी आहे. तीत पतित, जन्मांध, बहिरे, मुके यांच्याबरोबर क्लीबाचे नाव आहे. त्याला केवळ अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये. चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये हे सांगताना षंढाचा उल्लेख येतो, आणि श्राद्धाच्या पंक्तीस कोण नको याची यादी तिसऱ्या अध्यायात आहे, तीतही क्लीब आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे दहन झाले त्यात आमच्या पूर्वजांच्या शेजारी आणखी कोणाकोणास पंक्तीबाहेर बसविले होते, याकडे आपले लक्ष क्वचितच गेले आहे.

आता विनयाकडे येऊ. येथे अभ्यासकाने आपल्या बाजूचे तेवढे सांगून उरलेले झाकून ठेवणे योग्य नव्हे. विनयपिटकाच्या महावग्गात पण्डकास आणि उभतोब्यञ्जनकास (ज्याच्या ठायी दोन्ही लक्षणे आहेत त्यास) उपसंपदा देऊ नये, दिली असल्यास ती रद्द करावी, असा नियम आहे. हा नियम कोणत्या प्रसंगाने घडला हेही तेथेच सांगितले आहे. भिक्खू झालेला एक पण्डक तरुण भिक्खूंकडे, श्रामणेरांकडे आणि अखेर माहुतांकडे व घोड्यांच्या मोतद्दारांकडे कामेच्छेने गेला. त्यांनी संघाची निंदा केली. ती तथागतांच्या कानी आली. म्हणजे विनयातील बहुतेक नियमांप्रमाणे हाही एका घटनेतून आणि लोकापवादाच्या भीतीतून निर्माण झाला. पण्डक म्हणजे नेमका कोण, याविषयी अट्ठकथाकारांतच एकवाक्यता नाही. समन्तपासादिकेत पण्डकाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील दोघांच्या प्रव्रज्येस प्रतिबंध नाही असे जुन्या कुरुन्दी अट्ठकथेचे मत तेथे नोंदले आहे. पक्खपण्डकाचा प्रतिबंध तर महिन्यातील एका पक्षापुरताच मानला आहे. हे पाच प्रकार प्रामुख्याने कामवासनेच्या स्वरूपावरून पाडलेले आहेत. आपण स्त्री आहोत की पुरुष, या आत्मप्रत्ययाशी त्यांचा संबंध थोडाच. तेव्हा पण्डक या शब्दाचे भाषांतर 'तृतीयपंथी' असे करून त्या नियमाचा भार आजच्या माणसावर टाकणे शास्त्रशुद्ध होणार नाही. मिलिन्दपञ्ह या उत्तरकालीन ग्रंथाने ज्यांना धम्माचा साक्षात्कार होऊ शकत नाही अशांच्या यादीत पण्डकास घातले आहे, हेही येथे सांगून टाकतो.

तथापि त्याच विनयपिटकात, पहिल्या पाराजिकेच्या विवरणात, दुसरा एक प्रसंग आहे आणि आमच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा होय. एका भिक्खूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाले. ही गोष्ट तथागतांस निवेदन करण्यात आली. त्यांनी त्या व्यक्तीस संघाबाहेर घालविले नाही, चौकशी नेमली नाही, पुन्हा प्रव्रज्या घ्यावयास सांगितले नाही. तोच उपज्झाय, तीच उपसंपदा, तेच वर्षावास मोजून तिने भिक्खुणींमध्ये जावे, अशी अनुज्ञा दिली. भिक्खू व भिक्खुणी या दोहोंना समान असलेल्या आपत्तींची शुद्धी भिक्खुणींसमवेत करावी. ज्या समान नाहीत त्या आपत्ती उरल्याच नाहीत. भिक्खुणीच्या ठायी पुरुषलिंग प्रकट झाले असता याच रीतीने उलट वागावे, असेही तेथे आहे. वर्षावासांची गणना संघात किती मोलाची हे वाचकांस सांगावयास नको. कोणी कोणास वंदन करावे, भोजनास कोणी पुढे बसावे, हे तिच्यावर ठरते. दहा वर्षावास झालेला भिक्खू स्त्री झाला तर भिक्खुणींच्या ओळीत दहा वर्षावासांच्या जागीच बसेल. आसगावच्या उपासिकेचा प्रश्न ओळीतील जागेचाच होता.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील सोरेय्याची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. सोरेय्य नगरातील हा श्रेष्ठिपुत्र महाकच्चायन थेरांचे रूप पाहून मनात विकार आणतो व स्त्री होतो; लाजून तक्षशिलेस जातो, तेथे विवाह होतो, दोन पुत्र होतात. पूर्वी पुरुष असताना त्याला दोन पुत्र होतेच. पुढे थेरांची क्षमा मागून तो पुन्हा पुरुष होतो, प्रव्रज्या घेतो व अर्हत् होतो. लोक विचारतात, चौघांपैकी कोणते पुत्र अधिक प्रिय? प्रथम तो उत्तर देतो, ज्यांना माता म्हणून जन्म दिला ते. लिंगपरिवर्तन हे दुष्ट विचाराचे फळ, ही या कथेतील कल्पना आम्हांस मान्य नाही. जे बुद्धीस पटत नाही आणि लोकहिताचे नाही ते बुद्धवचन म्हणून स्वीकारू नये, ही कसोटी बाबासाहेबांनी आपल्याला दिली आहे आणि ती अट्ठकथांनाही लागू पडते. मात्र दोन्ही अवस्था भोगलेला मनुष्य अर्हत् होऊ शकतो, हे कथाकारास सहज वाटले, एवढे तीतून घेता येते.

मध्ययुगात मुसलमानी दरबारांत ख्वाजासरा मोठ्या पदांवर होते, हा इतिहास सुपरिचित आहे. तो आम्ही येथे वाढवीत नाही. मराठेशाहीतील व्यवस्था आपल्या अधिक जवळची. या राज्यात काही हिजड्यांना ठरावीक गावांतून धान्य व पैसा मागण्याचा हक्क सनदेने मिळालेला होता आणि तो गुरूकडून चेल्याकडे जात असे. इंग्रजी अंमल आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई सरकारने हे हक्क पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. इतिहासकार यास हक्कहरण म्हणतात आणि एका अर्थी ते खरेही आहे. परंतु गावोगाव हिंडून भाकर मागण्याचा 'हक्क' म्हणजे काय असतो, हे महार वतनाच्या अनुभवावरून आपल्याइतके कोणास कळणार? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली ती या भाकरीच्या दास्यातून सुटका व्हावी म्हणूनच. हिजड्यांच्या बाबतीत दुर्दैव असे की भाकर गेली आणि तिच्या जागी दुसरे काहीच आले नाही. पुढे मुंबई राज्याच्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने गाऊन-नाचून पैसे मागणे हेही भीक मागण्याच्या व्याख्येत घातले.

त्यापूर्वी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा झाला. फासेपारधी, कैकाडी, भामटे यांच्या संदर्भात या कायद्याची आठवण निघते. त्याचा दुसरा भाग केवळ 'नपुंसकां'साठी होता, हे फारसे सांगितले जात नाही. हा कायदा प्रथम वायव्य प्रांत, अवध व पंजाब येथे लागू झाला. संशयित व्यक्तींची नोंदवही पोलिसांनी ठेवावी. नोंद झालेल्या व्यक्तीने रस्त्यावर स्त्रीवेशात दिसल्यास किंवा सार्वजनिक जागी नाचल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. अशा व्यक्तीस अज्ञानाचे पालक होता येणार नाही, दानपत्र वा मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. मनूने वाटा नाकारला होता. या कायद्याने स्वतःचे कमावलेले कोणास देण्याचा अधिकारही काढून घेतला. १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग राहिला नाही, आणि १९५२ साली सगळाच कायदा रद्द झाला. पोलिसांची नजर मात्र तेवढ्याने बदलली नाही.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक विषयांवरील वाचकांच्या प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरे हे त्याचे निमित्त होते. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. अस्पृश्यतेचा, गोलमेज परिषदेचा आणि पुणे कराराचा भार ज्यांच्या शिरावर नुकताच होता त्या पुरुषाने, समाजाने अनुच्चारणीय ठरविलेल्या प्रश्नांवर बोलण्याचा हक्क न्यायालयात मांडला. या विषयावर आमच्या विहारांतून बोलू नये असे म्हणणाऱ्यांनी हा खटला जरूर अभ्यासावा.

आता आजचा कायदा. संविधानाचे १४ वे कलम कोणत्याही 'व्यक्ती'स समानता देते, १५ व १६ ही कलमे लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करतात आणि २१ वे कलम जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करते. हे शब्द १९५० पासून तेथे आहेत. परंतु त्यांत तृतीयपंथी व्यक्तीही येते असे स्पष्ट शब्दांत सांगितले जाण्यास १५ एप्रिल २०१४ उजाडावा लागला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने केलेल्या याचिकेवर न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन व न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी त्या दिवशी निर्णय दिला. पुरुष, स्त्री वा तृतीय लिंग यांपैकी आपण कोण, हे ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अवैध आहे. आणि शासनाने या समाजास सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे, हे त्यातील मुख्य आदेश होत.

आपण कोण हे आपणच सांगावयाचे, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी आपण बौद्ध आहोत असे सांगितले, तेव्हा त्यांच्या हाती कोणाचा दाखला नव्हता. शासनाच्या दप्तरी त्या सांगण्याची किंमत फार उशिरा झाली. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना लागू होण्यास १९९० ची दुरुस्ती यावी लागली. चौतीस वर्षे!

संसदेने २०१९ साली तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा केला. १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला आणि त्याच वर्षी नियम झाले. शिक्षण, नोकरी, आरोग्य, घर भाड्याने घेणे, सार्वजनिक जागेचा वापर यांत भेदभाव करण्यास या कायद्याने बंदी केली. केवळ तृतीयपंथी आहे म्हणून मुलास आईवडिलांपासून वेगळे करता येणार नाही, घरातून वा गावातून निघून जाण्यास भाग पाडणे हा गुन्हा होय, अशाही तरतुदी केल्या. परंतु २०१४ च्या निर्णयापेक्षा हा कायदा मागे राहिला. ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार एका कलमात देऊन पुढच्या कलमांत जिल्हाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक केले. आणि स्त्री वा पुरुष म्हणून नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेनंतरचा वैद्यकीय दाखला मागितला. लैंगिक अत्याचारास सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली. स्त्रीवरील बलात्कारास २०१८ पासून किमान दहा वर्षांची शिक्षा असताना हा फरक कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस सापडले नाही. कुटुंब म्हणजे रक्ताचे, विवाहाचे वा दत्तकाचे नाते, अशी व्याख्या केल्यामुळे गुरु-चेल्यांचे घर या कायद्याच्या दृष्टीने घरच ठरले नाही. त्या घरांतही शोषण चालते, चेल्याच्या कमाईवर गुरूचा हक्क असतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जिला आईच्या मांडवात जागा मिळाली नाही तिला ज्या घराने जागा दिली, ते घर मोजणीतच धरू नये हे विचित्र आहे. उपज्झायाने सद्धिविहारिकास पुत्रवत् मानावे असे सांगणाऱ्या परंपरेस तरी हे खटकावे.

विवाहाबाबत दोन निर्णय लक्षात ठेवावेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यातील 'वधू' या शब्दात पारलिंगी स्त्रीचा समावेश होतो असे मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१९ साली ठरविले. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता नाकारताना, पारलिंगी व्यक्तीस भिन्नलिंगी विवाह प्रचलित कायद्यानुसार करता येतो हे मान्य केले.

गावपातळीवर सर्वाधिक उपयोगी पडेल असे उदाहरण जळगाव जिल्ह्यातील आहे. भादली बुद्रुक येथील अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. तृतीयपंथी म्हणून तो फेटाळला गेला. २ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तो स्वीकारण्याचा आदेश दिला. आपण यापुढे आयुष्यभर स्त्री म्हणूनच राहू, असे अर्जदाराचे निवेदन न्यायालयाने नोंदवून घेतले. त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. याउलट मध्य प्रदेशातील कटनी येथे कमला जान महापौरपदी निवडून आल्या होत्या; ते पद स्त्रियांसाठी राखीव असून त्या स्त्री नाहीत, या कारणाने त्यांची निवड न्यायालयाने रद्द केली होती. दोहोंमध्ये अंतर सुमारे अठरा वर्षांचे. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे यांना २०१७ सालीच सरपंच केले होते. आंबेडकरी चळवळीतही दिशा पिंकी शेख यांना २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने प्रवक्तेपद दिले आणि २०२४ साली रावेर मतदारसंघातून शमिभा पाटील यांना विधानसभेची उमेदवारी दिली. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ज्या भंडारा मतदारसंघात बाबासाहेब पराभूत झाले, तेथील मतदारास मताचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

आरक्षणाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे आणि तो थेट आपला आहे. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' म्हणून ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. देशातील या संख्येपैकी ७८,८११ व्यक्ती अनुसूचित जातींच्या होत्या. साक्षरता सुमारे ५६ टक्के. आता या सर्वांना एका मागास वर्गात घातले, तर अनुसूचित जातीच्या तृतीयपंथी व्यक्तीने आपली जात सोडून त्या वर्गात जावयाचे काय? तमिळनाडूतील दलित पारलिंगी कार्यकर्त्या ग्रेस बानू यांनी म्हणूनच समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली. महाराष्ट्रात स्त्रियांना ज्या रीतीने प्रत्येक प्रवर्गात ३० टक्के जागा मिळतात, तद्वतच प्रत्येक प्रवर्गाच्या आत काही जागा. कर्नाटकाने २०२१ साली याच पद्धतीने एक टक्का आरक्षण दिले. आपल्या राज्यात पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात तृतीयपंथी असा पर्याय मिळण्यासाठीही २०२२ साली न्यायालयात जावे लागले, यावरून पुढचा रस्ता किती लांब आहे ते कळावे.

राहता राहिला उपासिकेच्या प्रश्नातील व्यवहाराचा भाग. २०२० च्या नियमांनी ठरविलेली पद्धत अशी : अर्जदाराने ज्या जिल्ह्यात निवास आहे तेथील जिल्हाधिकाऱ्याकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावयाचा, वैद्यकीय तपासणीची मागणी करावयाची नाही, तीस दिवसांत प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळावे. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी कोणते लागू आहेत ते आधी विचारून घ्यावे. जातीचा दाखला आधी काढलेला असल्यास तो जपून ठेवावा. हे प्रमाणपत्र घेतल्याने जात बदलत नाही; फक्त नाव व लिंग यांची नोंद दोन्ही कागदांवर जुळवून घ्यावी लागते, अन्यथा पडताळणीत अडचण येते. अडवणूक झाल्यास भंडारा येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. यासाठी बाई नागपूरहून येऊ इच्छित नसेल तर नागपूर जिल्ह्यात एक वर्षाचे वास्तव्य दाखवून तेथेच अर्ज करता येईल. त्या शहरात विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्त्या २०१८ साली लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या होत्या, हेही उपासिकेने आपल्या भाचीला कळवावे.